विश्लेषण : वारजेच्या टेकडीतील ‘होकायंत्र’ काय सांगते?

पुण्यात टेकडीफोडीची चर्चा झाडे, भूजल आणि बांधकामांभोवती फिरते. वारजे परिसरातील टेकड्यांच्या काळ्या दगडात मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची चुंबकीय नोंदही आहे.

दगडात चुंबकत्व कुठून आले?

पुणे परिसर दख्खनच्या बेसॉल्टवर उभा आहे. या खडकात टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या वर आपले चुंबकत्व गमावते. टायटॅनियम मिसळलेले असल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. लाव्हा थंड होत या तापमानाखाली उतरला, की त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कणांत कायम होते.

लोह असले की चुंबकाला चिकटते?

नाही. नदीच्या वाळूत चुंबक फिरवल्यास चिकटणारे काळे कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे असतात. सिंधुदुर्गातील रेडीच्या खाणीत मिळणाऱ्या हेमेटाइटमध्येही लोह भरपूर असते. पण ते साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. फरक अणूंच्या रचनेचा आहे. दोन्हींत लोहाच्या अणूंचे चुंबकत्व परस्परविरुद्ध दिशांना असते. हेमेटाइटमध्ये त्याची बेरीज जवळपास शून्य होते, मॅग्नेटाइटमध्ये मात्र एक बाजू वरचढ ठरते.

नोंदीतून काय कळले?

पश्चिम घाटातील बहुतांश थरांत ही दिशा आजच्या उलट आहे. म्हणजे त्या काळी होकायंत्राची सुई दक्षिणेकडे वळली असती. चुंबकीय दिशेच्या कलावरून अक्षांशही काढता येतो. त्यानुसार तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या सुमारे ३० अंश दक्षिणेस होता. आज पुणे साडेअठरा अंश उत्तरेस आहे. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांवरील निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. खंड सरकतात की नाही, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता.

टेकडी फोडल्यास काय जाते?

नमुना काढण्यापूर्वी संशोधक त्यावर उत्तर दिशा आणि उतार यांची खूण करतात. ती नसेल, तर दगड चुंबकीय राहतो, पण दिशा सांगू शकत नाही. खडी झालेल्या दगडाचे हेच होते. माथ्यावरच्या दगडातील नोंद वीज पडल्यानेही बिघडते. त्यामुळे खालच्या, ताज्या खडकाला महत्त्व असते. रस्त्याच्या किंवा खाणीच्या खोदाईत तो उघडा पडतो, हे खरे; मात्र नमुने घेण्याआधीच तो उचलला गेला, तर उपयोग नाही.

मग करायचे काय?

१९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे (बीडीपी) आरक्षण आहे. त्यावरील चर्चेत हिरवाईइतकाच खडकही मोजायला हवा. झाड पुन्हा लावता येते. दगडाची दिशा पुन्हा लावता येत नाही.