भंगारातील सर्व्हो : आधी वाचा, मग जोडा

कारखान्यातील सी.एन.सी. मशीन जुने झाले की मालक ते मोडीत काढतो. कंट्रोलर निकामी झालेला असला तरी पॅनेलमधील सर्व्हो ड्राइव्ह आणि मोटारी पुष्कळदा धडधाकट असतात. भोसरी, अंबड, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींतला असा माल शेवटी भंगारवाल्याकडे येतो. आय.टी.आय. झालेला, लेथ-मिलिंगवर हात बसलेला होतकरू मुलगा तो पाहतो आणि त्याच्या मनात येते की, यातून घरच्या घरी लहानसे मिलिंग मशीन का उभे करू नये?

आमचे म्हणणे असे की, जरूर करावे. परंतु हा माल स्वस्त पडतो तो वाचून घेणाऱ्याला. न वाचता घेणाऱ्याचा घामाचा पैसा जातो, आणि न वाचता जोडणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. म्हणून आजचे हे चार शब्द मुलांसाठी आहेत, तसेच त्यांच्या हातावर पैसे ठेवणाऱ्या आई-वडिलांसाठीही आहेत.

प्रथम सर्व्होचे मोल कशात आहे ते पाहू. साध्या स्टेपर मोटारीला ‘इतकी फीर’ म्हणून सांगितले, तर ती फिरली की मध्येच अडकली हे कोणी पाहत नाही. सर्व्हो मोटारीच्या पाठीमागे एन्कोडर असतो. 17 बिटचा एन्कोडर एका फेऱ्याचे 1,31,072 भाग मोजतो. मोटार कोठे आहे हे ड्राइव्ह सतत तपासतो, आणि चूक मर्यादेबाहेर गेली की अलार्म देऊन थांबतो.

आता खरेदीपूर्वी विचारायचे चार प्रश्न.

पहिला प्रश्न, जोडी पुरी आहे का? ड्राइव्ह, त्याचीच मोटार आणि दोन्ही केबली एकत्र मिळाल्या पाहिजेत. एका कंपनीच्या एन्कोडरची भाषा दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला सहसा कळत नाही. दुकानदाराला केबली कापू देऊ नका. मोटारीच्या शाफ्टवर हातोडी मारून कपलिंग काढू देऊ नका. त्या ठोक्याने एन्कोडर खराब होतो.

दुसरा प्रश्न, हा ड्राइव्ह हुकूम कसा घेतो? घरच्या मशीनला पल्स आणि दिशा घेणारा ड्राइव्ह सर्वांत सोपा. उदाहरणार्थ, मित्सुबिशीच्या एम.आर.-जे2एस मालिकेत क्षमतेच्या आकड्यापुढे ‘ए’ असेल, जसे ‘40ए’, तर तो पल्सवर चालतो. ‘40बी’ असेल तर त्याला एस.एस.सी.नेट नावाच्या जाळ्यावरूनच हुकूम लागतो. डबा सारखाच दिसतो, फरक एका अक्षराचा. त्या अक्षरावर तुमचे पैसे वसूल होणार की बुडणार हे ठरते.

तिसरा प्रश्न, वीज कोणती? 400 वॅटपर्यंतचे बरेचसे 200 व्होल्ट वर्गाचे ड्राइव्ह आपल्या घरच्या सिंगल फेज 230 व्होल्टवर चालतात. मात्र नेमप्लेटवर तसे लिहिलेले असले पाहिजे. हाच ड्राइव्ह कोणी ‘इंडस्ट्रियल आहे’ म्हणून 415 व्होल्टच्या तीन फेजला जोडला, तर तो जळालाच म्हणून समजा.

चौथा प्रश्न, पावती देणार का? चोरीचा माल सापडला तर पोलीस भंगारवाल्याबरोबर घेणाऱ्यालाही विचारतात. आपल्या वस्तीतील मुलाने त्या फेऱ्यात का सापडावे? पावती नसेल तर माल कितीही चांगला असो, परत फिरावे.

माल घरी आला, आता जिवाची गोष्ट. ड्राइव्हच्या आत कपॅसिटर असतात. 230 व्होल्टची वीज आत गेली की तिचे सुमारे 325 व्होल्ट डी.सी. होतात, आणि स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. हा धक्का माणूस दगावण्याइतका असतो. वीज तोडल्यावर किती वेळ थांबायचे हे ड्राइव्हवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. कोठे 5 मिनिटे, कोठे 15. ‘चार्ज’चा दिवा विझला एवढ्यावर विसंबू नका. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डी.सी. व्होल्ट मोजा आणि मगच हात घाला. पहिल्या वेळी जाणत्या इलेक्ट्रिशियनला शेजारी उभे करा. अर्थिंग नसलेल्या खोलीत हे काम मुळीच करू नये. ड्राइव्हमुळे ई.एल.सी.बी. पडू लागला तर तो काढून टाकण्याचा शहाणपणा करू नका; जोडणी तपासून घ्या.

पुढे थोडा हिशोब. 5 मि.मी. पिचचा बॉल स्क्रू घेतला आणि एका पल्सला 0.001 मि.मी. हलवायचे ठरवले, तर एका फेऱ्याला 5,000 पल्स लागतात. म्हणून 17 बिटच्या ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर 131072 भागिले 5000 असा भरायचा. मोटार 3,000 फेऱ्यांची असली तरी पूर्ण वेगाला सेकंदाला अडीच लाख पल्स द्यावे लागतील. जुन्या संगणकाचा प्रिंटर पोर्ट आणि लिनक्स-सी.एन.सी. हा विनामूल्य प्रोग्राम एवढ्यावर ते जमत नाही. सेकंदाला 25,000 पल्स धरले तर मिनिटाला दीड मीटर वेग मिळतो. घरच्या कामाला तो पुरतो. अधिक हवा असेल तर पल्स देणारे वेगळे कार्ड घ्यावे लागते.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. 400 वॅटच्या मोटारीचा टॉर्क सुमारे 1.27 न्यूटन-मीटर असतो. ऐकायला थोडा वाटतो, पण 5 मि.मी.च्या स्क्रूवर त्यातून जवळजवळ 160 किलोचा रेटा तयार होतो, आणि क्षणभर त्याच्या तिप्पटही. त्यात सापडलेले बोट वाचत नाही. म्हणून लाल इमर्जन्सी बटण संगणकाच्या भरवशावर ठेवू नका. त्याने कॉन्टॅक्टरमार्फत ड्राइव्हची मुख्य वीजच तुटली पाहिजे. प्रत्येक अक्षाच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच हवेत. उभ्या अक्षाला ब्रेक असलेली मोटार घ्यावी, नाहीतर वीज गेली की स्पिंडलचे वजन खाली येते. मशीन चालू असताना लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. फिरत्या कटरजवळ हातमोजे घालू नयेत.

मॅन्युअल इंग्रजीत असते म्हणून पुष्कळ मुले ते उघडत नाहीत. ते कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बहुधा फुकट मिळते. शब्द अडला तर शिकलेल्या भावाबहिणीला विचारावे. दोघांनी मिळून रोज दोन पाने वाचली तरी महिन्याभरात कामापुरते वाचून होते.

आणि आईने पैसे देण्यापूर्वी एवढेच म्हणावे, ‘बाळा, नेमप्लेटवर काय लिहिले आहे ते मला वाचून दाखव आणि त्याचा अर्थ सांग.’ त्याला सांगता आले तर खुशाल पैसे द्यावेत. सांगता आले नाही तर आणखी महिनाभर थांबावे.