गोष्टीत आडवा येणारा नातू

पीकपाण्याचे बोलणे नेहमीचेच आहे. आज जरा गोष्टीविषयी बोलू. निमित्त एका इंग्रजी सिनेमाचे. नाव 'द प्रिन्सेस ब्राइड', साल १९८७, दिग्दर्शक रॉब रायनर. विल्यम गोल्डमन यांनी आपल्याच १९७३ च्या कादंबरीवरून त्याची पटकथा लिहिली.

नायक वेस्टली हा शेतावरचा गडी. घरची मुलगी बटरकप त्याला कामे सांगते. खोगीर पूस, बादल्या भर. तो दर वेळी ठरलेल्या तीन शब्दांत होकार देतो. या होकाराचा अर्थ प्रेम आहे, हे तिला एके दिवशी कळते. मग ती स्वतःच्या हाताशी टांगलेले भांडे मुद्दाम त्याच्याकडून काढून घेते. झाले! आपल्या सिनेमात इथे दोन गाणी आणि एक बगीचा लागला असता.

पुढे चाचे येतात, कपटी राजपुत्र हंपरडिंक येतो, बापाच्या खुन्याला वीस वर्षे शोधणारा तलवारबहाद्दर इनिगो येतो. हा इनिगो कडा चढून दमलेल्या शत्रूला आधी विसावा घेऊ देतो, दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलतो, आणि मग तलवार उपसतो! पात्रे मात्र हे सारे मनापासून करतात, म्हणून आपल्याला हसू येते.

पण खरी गंमत वेगळीच आहे. ही सारी कथा एक आजोबा आजारी नातवाला पुस्तकातून वाचून दाखवतात. कादंबरीत हे काम वडिलांकडे आहे. सिनेमात ते आजोबांकडे दिले, हे उत्तम केले. वडिलांचा धाक असतो, आजोबांवर मात्र रागावता येते. आणि हा पोरगा रागावतो. मुक्यांचे प्रसंग आले की नाक मुरडतो. बटरकप पाण्यात उडी घेते, भयंकर वाममासे तिच्या अंगावर येतात, तेवढ्यात आजोबा वाचन थांबवून सांगतात की इथे तिला काही होत नाही. तू घाबरलेला दिसलास म्हणून सांगितले. पोरगा कबूल करत नाही, पण पांघरूण मुठीत घट्ट धरलेले असते.

आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की पोर झोपले असे समजावे. या नातवाचे आडवे येणे हाही हुंकारच. आमच्या सभांमध्ये कुणी मधेच प्रश्न टाकला की काही साहेब चिडतात. मला तो माणूस बरा वाटतो. निदान तो जागा असतो.

मधेच एकदा नातू विचारतो, हंपरडिंकला मारतो कोण? आजोबा सांगतात, कोणीच नाही, तो जगतो. पोरगा संतापतो. मग असली गोष्ट वाचलीच कशाला? आजोबा त्याची समजूत घालत बसत नाहीत, गोष्टही बदलत नाहीत. थांबू या म्हणतात, आणि पोराने आग्रह केल्यावर पुढे वाचतात.

पुस्तक मिटल्यावर तोच पोरगा जरा लाजत विचारतो, उद्या येऊन पुन्हा वाचाल का? दाराशी पोचलेले आजोबा वळतात आणि त्या शेतगड्याचेच तीन शब्द उच्चारतात.