पडत्या क्लबाची वर्गणी

नेरळपासून खोपोलीपर्यंत संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या जागेवर उभे राहा, पोरांच्या पाठीवर मेस्सी, रोनाल्डो आणि एम्बापे दिसतील. मोबाईलवर रात्री दोन वाजता माद्रिदचा सामना पाहणारी ही पिढी आहे. त्यात वाईट काही नाही. पण त्याच पोराला विचारा, आपल्या गावचा कबड्डी संघ मागच्या स्पर्धेत कितव्या फेरीत हरला? बहुतेकांना सांगता येणार नाही. जिंकणाऱ्यांच्या मागे जाणे सोपे असते. त्यासाठी घर सोडावे लागत नाही की खिशात हात घालावा लागत नाही. प्रश्न हरणाऱ्यांचा आहे. खालच्या फळीतल्या, पैशांची चणचण असलेल्या आणि दोन-तीनशे लोकांपुढे खेळणाऱ्या संघामागे कोणी का उभे राहावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला स्कॉटलंड हा देश बरा आहे. तिथली लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या दुप्पट. एवढ्या लोकांत चार व्यावसायिक फुटबॉल लीग आहेत आणि त्यांत 42 क्लब खेळतात. वरचे दोन, सेल्टिक आणि रेंजर्स, जगाला माहीत आहेत. उरलेल्यांपैकी बरेच क्लब आपल्या खोपोलीपेक्षाही लहान गावांचे आहेत. काउडनबीथ हे असेच एक कोळसा खाणींचे गाव. लोकवस्ती खोपोलीच्या पाव हिस्साही भरणार नाही. खाणी बंद झाल्या, क्लब राहिला. निळी जर्सी घालणाऱ्या या संघाला गावकरी थट्टेने ‘ब्लू ब्राझील’ म्हणतात. ब्राझीलशी संबंध एवढाच की दोघे फुटबॉल खेळतात! 2022 मध्ये हा संघ चौथ्या लीगमधूनही खाली घसरला. तरी लोक शनिवारी दुपारी पावसात उभे राहतात. कारण तो संघ त्यांनी निवडलेला नाही. तो त्यांच्या गावाबरोबर त्यांच्या वाट्याला आलेला आहे.

त्याच देशात ग्रेटना नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या क्लबाला एक श्रीमंत मालक भेटला. पैसा आला, चांगले खेळाडू आले आणि संघ एकेक पायरी चढत गेला. 2006 मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पेनल्टीवर हरला, 2007 मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. गावचे मैदान त्या दर्जाचे नव्हते, म्हणून घरचे सामने दुसऱ्या शहरात भाड्याच्या मैदानावर होऊ लागले. मग मालक आजारी पडला, पैसा थांबला आणि 2008 मध्ये क्लबच बंद झाला. तीन हंगामांत तीन बढत्या आणि एका वर्षात कुलूप. त्यानंतर समर्थकांनी एकत्र येऊन नव्या नावाने, अगदी तळापासून नवा क्लब उभा केला.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायला नको, कारण महाराष्ट्रात ती पुन्हा पुन्हा घडली आहे. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघ मोडला. एअर इंडिया 2013 नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. पुणे एफसी 2012-13 मध्ये उपविजेता होता, पुढे तोही गेला. 2017 नंतर मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स उरले नाहीत. 2019 मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. प्रत्येक वेळी थोडेफार लोक हळहळले. पण हळहळण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. ते प्रेक्षक होते, सभासद नव्हते. त्यांना ना मत होते, ना हिशेब मागण्याचा हक्क.

यांतली मुंबई एफसीची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. 2007 साली स्थापन झालेला हा संघ कधीच मोठा झाला नाही. कूपरेजचे काम चालू होते तेव्हा मुंबईच्या या संघाने घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळून काढले. कर्जतचा माणूस शंभर किलोमीटरची लोकल करून सीएसएमटीला उतरायचा, तर संघ घाटाच्या वर! खालिद जमील आधी या संघाचा खेळाडू होता, मग 2009 पासून प्रशिक्षक. हाती फार पैसा नव्हता, नावाजलेले खेळाडू नव्हते. त्याचा खेळ बघायला सुंदर नव्हता, अशी टीका व्हायची. पण वर्षामागून वर्षे त्याने हा संघ तळाला जाऊ दिला नाही. 2016 मध्ये त्याला निरोप मिळाला. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिला, खाली गेला आणि संपला. त्याच हंगामात खालिद मिझोरामच्या ऐझॉल एफसीला घेऊन उतरला. हा संघ आधीच्या वर्षी खाली ढकलला गेला होता, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. एप्रिल 2017 मध्ये तो मोहन बागानला मागे टाकून भारताचा विजेता झाला. आज खालिद राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आहे.

माणूस तोच होता. मग फरक कशाचा? सगळे श्रेय प्रेक्षकांना देणे भाबडेपणाचे ठरेल. ऐझॉललाही मालक होता. पण त्या संघामागे एक अख्खे शहर होते. हा संघ बंद केला तर आपण लोकांना तोंड कसे दाखवू, हा प्रश्न तिथे मालकालाही पडतो. मुंबईत तो कोणाला पडला नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे, कोल्हापूरचे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. ही नावे देशाच्या मोठ्या लीगमध्ये दिसत नाहीत. पण राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की गर्दी उसळते. तालमीचे पोर जन्मतःच त्या संघाचे असते. वर्गणी गल्लीतून निघते, आणि संघ हरला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर खेळाडूला जाब द्यावा लागतो. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तिथेही दोष आहेत. पेठांच्या ईर्ष्येतून हाणामाऱ्या होतात, बाहेरून खेळाडू आणण्याच्या चढाओढीत खर्च फुगतो. तरी कंपन्यांचे संघ आले आणि गेले, तालमी टिकल्या. कारण तालीम बंद करण्याचा अधिकार कुठल्याही एका माणसाकडे नाही.

मुसलमान म्हणून मला अनेकदा विचारतात, तुम्ही मोहामेडनवाले का? कोलकात्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगचा इतिहास अभिमान वाटावा असाच आहे. 1934 मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ, आणि ती त्याने 1938 पर्यंत सलग पाच वेळा जिंकली. त्याचा मोहम्मद सलीम 1936 मध्ये ग्लासगोला जाऊन सेल्टिकसाठी पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळला. 1940 मध्ये या संघाने ड्युरँड कप तर जिंकलाच, शिवाय मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला. पण पुढचा काळ उतरणीचा. कित्येक दशकांनी 2024 मध्ये आय-लीग जिंकून तो वरच्या लीगमध्ये गेला, आणि पहिल्याच हंगामात तळाला राहिला. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येत राहिल्या. इतके मोठे नाव, देशभर पसरलेली इतकी मोठी भावना, तरी ही वेळ का आली? भावना कितीही मोठी असली तरी तिचे रूपांतर वर्गणीत आणि हिशेबात झाले नाही, तर क्लबाला पुन्हा गुंतवणूकदारांच्याच दारात उभे राहावे लागते. कौमच्या नावाने नारा देणे सोपे आहे. जमातीत आपण एवढ्यावर थांबत नाही. चंदा गोळा होतो, वहीत लिहिला जातो, आणि जुम्याच्या नमाजनंतर हिशेब वाचून दाखवला जातो. गावकीतही हीच रीत आहे. मशीद आणि देऊळ जर या शिस्तीवर चालते, तर खेळाचा संघ का चालू नये?

आता आपल्या घरी येऊ. कर्जत आणि खालापूर तालुक्यांचा खेळ फुटबॉल नव्हे, कबड्डी. इथल्या गावोगावचे संघ म्हणजे आपले खालच्या लीगचे क्लब. भातकापणी झाली, माळ मोकळे झाले की रात्रीच्या दिव्यांत स्पर्धा सुरू होतात. बहुतेक संघांची नावे ग्रामदेवतेची. 2014 पासून प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि खेळाडूला पैसा आणि नाव मिळू लागले, हे चांगलेच झाले. पण त्या लीगमध्ये जाणारा मुलगा पहिली पकड कुठे शिकतो? गावाच्या मातीतच. त्या मातीकडे मात्र आपले लक्ष नाही.

आज या संघांचा खर्च कोण करतो, हे बॅनर बघून कळते. निवडणुकीचे वर्ष असेल तर नव्या जर्सी येतात, छातीवर इच्छुक उमेदवाराचे नाव असते. ते नसेल तर जमिनीच्या व्यवहारातून पैसा झालेला कोणी दादा असतो. निवडणूक संपली, व्यवहार आटोपला की पुढच्या वर्षी पोरे तीच विटलेली जर्सी घालून खेळतात. ग्रेटनात आणि मुंबईत जे झाले त्याचीच ही गावठी आवृत्ती आहे. फरक एवढाच की आपल्याकडे क्लब बंद झाल्याची बातमी होत नाही. एक दिवस सराव थांबतो, एवढेच.

दुसरी अडचण जागेची. मुंबईकरांच्या सेकंड होमसाठी आणि फार्महाऊससाठी आपल्या दोन्ही तालुक्यांतली जमीन तुकड्या-तुकड्याने विकली जात आहे. पनवेल-कर्जत लोकल मार्गामुळे भाव आणखी चढतील. ज्या माळावर तीन पिढ्या कबड्डी खेळल्या तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, आणि तिथे कुंपण पडेपर्यंत आपण कोणी विचारत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. संघाची नोंदणी करा, 1860 चा संस्था नोंदणी कायदा त्यासाठीच आहे. सभासदांची यादी करा आणि वर्षाला दोनशे-पाचशे रुपये वर्गणी ठेवा. घरटी एक सभासद धरला, तर दोनशे घरांच्या गावात चटई, जर्सी आणि प्रवासखर्च निघू शकतो. वर्षातून एकदा चावडीवर हिशेब वाचा. सरावाची जागा सार्वजनिक असेल तर ती खेळासाठी राखण्याचा ठराव ग्रामसभेत करून घ्या. पुरस्कर्ता आला तर त्याचे पैसे जरूर घ्या, त्याचा सत्कारही करा, पण संघाची सूत्रे सभासदांकडेच ठेवा. जर्मनीच्या फुटबॉलमध्ये याला नियमाचेच रूप आहे. बाहेरचा पैसा कितीही येवो, निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हातात राहावी लागतात, फार थोडे अपवाद सोडले तर.

आणि सभासदांची ही यादी सगळ्या गावाची हवी. ठाकूरवाडीतला आणि कातकरीवाडीतला मुलगा चढाईला लागतो, मग सभासदांच्या यादीत त्याच्या बापाचे नाव का नसावे? मोहल्ल्यातल्या पोरांनी ग्रामदेवतेच्या नावाच्या संघातून खेळायला कधीच हरकत घेतलेली नाही आणि घेऊही नये. ते नाव गावाचे आहे. तसेच गावानेही त्या पोराला केवळ ‘चांगला पकडपटू’ म्हणून न ठेवता संघाच्या कार्यकारिणीत बसवावे. मुलींचा संघ असेल तर त्याला उरलीसुरली वर्गणी नको, बरोबरीची हवी. वस्त्यावस्त्यांत अंतर वाढत चालल्याच्या या दिवसांत एकाच मातीत अंग मळवून घेण्याच्या जागा कमी राहिल्या आहेत. त्यांतली ही एक आहे, आणि ती एखाद्याच्या निवडणुकीवर अवलंबून ठेवणे परवडणारे नाही.

कोणी म्हणेल, हरणाऱ्या संघावर पैसे घालून मिळणार काय? चषक मिळेलच असे नाही. कदाचित दहा वर्षे दुसऱ्या फेरीपलीकडे मजल जाणार नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी जायला एक जागा मिळेल, त्याच्या दुखावलेल्या गुडघ्याची चौकशी करणारी पन्नास माणसे मिळतील, आणि हरून आल्यावर त्याच्यासाठी चहा सांगणारे कोणी तरी असेल. माद्रिदचा संघ आपल्याशिवायही जिंकतो. गावचा संघ आपण मैदानाच्या कडेला उभे राहिलो नाही तर उरतच नाही.

भातकापणीला अजून वेळ आहे. तोपर्यंत एखाद्या रविवारी आपल्या गावच्या संघाच्या कप्तानाला गाठा आणि विचारा, संघाचे पावतीपुस्तक आहे का? नसेल तर छापून घ्यायला सांगा, आणि पहिली पावती आपल्या नावाने फाडा.