पुन्हा पाहिलेले युद्धपट आणि न पाहिलेली शीव

१/ प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, स्वातंत्र्यदिन. या तारखांना दूरचित्रवाणीवर तेच युद्धपट पुन्हा लागतात आणि संवाद पाठ असूनही कुर्ल्यातली घरे ते पुन्हा पाहतात. त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे एवढेच : पहिल्यांदा चित्रपट कथेसाठी पाहावा, दुसऱ्यांदा मात्र तो तपासून पाहावा. पुनःप्रक्षेपण ही त्यासाठी आयती संधी आहे. तपासायचे काय, ते या धाग्यात.

२/ पहिला प्रश्न : मेले कोण? ‘बॉर्डर’ (१९९७) हा लोंगेवालाच्या लढाईवरचा चित्रपट. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने ठाणे सोडले नाही आणि दिवस उजाडताच हवाई दलाच्या हंटर विमानांनी शत्रूचे रणगाडे टिपले. पडद्यावर जवान एकामागून एक धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात आपले दोन जवान हुतात्मा झाले.

३/ चित्रपटात वीरमरण आलेले भैरोसिंह प्रत्यक्षात सेना पदक घेऊन घरी परतले आणि डिसेंबर २०२२ मध्ये निवर्तले. जिवंत माणसाला पंचवीस वर्षे आपण दर सुट्टीला हुतात्मा होताना पाहत होतो. शौर्य सिद्ध व्हायला मरण आलेच पाहिजे, ही समजूत अशीच घट्ट होते.

४/ दुसरा प्रश्न : ही गोष्ट कोणत्या थरातली? ‘तान्हाजी’ (२०२०) मधली ‘नागीण’ तोफ ही चित्रपटाची कल्पना. घोरपडीची कथा पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत ती नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ हे शब्द घरोघरी पोहोचले ते हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीमुळे. आणि ‘सिंहगड’ हे नाव तर १६६३ च्या पत्रातही आढळते. तानाजींचे बलिदान १६७० चे.

५/ यावरून कोणी खोटे बोलले असे ठरत नाही. बखर, पोवाडा, कादंबरी, चित्रपट : प्रत्येक पिढीने आपला थर चढवला. अडचण एवढीच की वारंवार दिसणारा शेवटचा थर खालचे सगळे झाकून टाकतो.

६/ तिसरा प्रश्न : समोर कोण होते? कोंढाण्याचा मोगल किल्लेदार उदयभान राजपूत होता. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा तो फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल लढला. त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. पडद्यावरचे दोन रंग या माणसांना पुरत नाहीत. एकाच जिन्यावर निरनिराळ्या धर्मांची बिऱ्हाडे असलेल्या कुर्ल्यात हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. रात्री पाहिलेला चित्रपट सकाळी शेजाऱ्याकडे पाहण्याच्या नजरेत उतरू शकतो.

७/ चौथा प्रश्न : हे घडले कुठे? जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) या वेस्टर्नची कथा टेक्सासमधली. चित्रीकरण मात्र युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅलीत. तेच लाल सुळके इतक्यांदा पाहिले गेले की जगाला साऱ्या अमेरिकन पश्चिमेचा तोच चेहरा वाटू लागला. आपल्याकडे सह्याद्रीचा कडा आणि धुके यांचे तसेच झाले आहे. मराठ्यांचे युद्ध म्हणजे घाटमाथा! खाडी, खाजण, गलबते आपल्या डोळ्यांपुढे येतच नाहीत.

८/ वास्तविक कुर्ल्याहून एकच स्थानक पुढे शीव आहे. शीव म्हणजे हद्द. तिथल्या टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधला, कारण अलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी ठाणे, साष्टी, वसई घेतली आणि कुर्ल्याची बाजू मराठ्यांची झाली. भेदरलेल्या मुंबईकर इंग्रजांनी आपल्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे जिंकेपर्यंत ही सीमा टिकली. आज लोकल ती ओलांडते तेव्हा कोणी खिडकीबाहेर पाहतही नाही.

९/ वसईचा शेवटही पाहण्याजोगा आहे. मे १७३९ मध्ये तह झाला आणि हरलेल्या पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रे व चीजवस्तूंसह बाहेर पडू दिले गेले. तिथल्या चर्चमधली घंटा पुढे नाशिकच्या नारोशंकर मंदिरात गेली. जिंकणे, शब्द पाळणे आणि विजयचिन्ह मिरवणे, तिन्ही एकाच मोहिमेत. बहुतेक युद्धपट तलवार म्यान होण्याआधीच संपतात. इतिहास तहाच्या कलमांतून पुढे चालू राहतो.

१०/ म्हणून युद्धपट पुन्हा लागला की जरूर पाहा, मुलांनाही सोबत बसवा. जाहिराती लागल्या की हे चार प्रश्न त्यांना विचारा. आणि एखाद्या रविवारी त्यांना घेऊन शीवच्या टेकडीवर चढा. तिथे तोफा धडाडणार नाहीत, पार्श्वसंगीतही नसेल. पण आपले घर एके काळी हद्दीच्या कोणत्या बाजूला होते, हे त्यांना समजेल.