पुस्तकातील जनुक आणि शेतातील कापूस

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस हे केवळ पीक नव्हे. कित्येक घरांतील मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्याच पांढऱ्या बोंडांतून निघतो. २००२ साली भारत सरकारने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली. मातीतील 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जीवाणूचे एक जनुक या कापसात घातलेले असते. त्यामुळे बोंडअळीस मारक असे प्रथिन झाड स्वतःच निर्माण करते. असे जनुक वेगळे काढून त्याच्या प्रती तयार करण्याच्या विद्येस जनुक-प्रतिरूपण म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत कोहेन व बॉयर यांनी ती सिद्ध करून दाखविली.

महाविद्यालयांत ही विद्या केवळ फळ्यावरील आकृतींत संपू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. परंतु आमच्या कोकणात आंब्याचे कलम बांधणे कोणी पुस्तक वाचून शिकत नाही, एवढे मी जाणतो. इथेही तोच न्याय आहे. एका विकराने डीएनए कातरावयाचा, दुसऱ्याने तो प्लाझ्मिड नामक वर्तुळाकार डीएनएत सांधावयाचा आणि ते प्लाझ्मिड जीवाणूत सोडावयाचे. जीवाणू वाढले की त्यांच्याबरोबर जनुकाच्याही प्रती वाढतात. हे एकदा स्वहस्ते केले की विषयाचे भय उरत नाही.

कोणी म्हणेल, हे खर्चाचे व धोक्याचे काम आहे. खर्च आहे खरा; म्हणून दोन-चार महाविद्यालयांनी मिळून एक प्रयोगशाळा चालवावी. धोक्याविषयी म्हणाल, तर अशा शिक्षणासाठी रोग न उत्पन्न करणारे, दुर्बल केलेले जीवाणू वापरतात, आणि नियमांची शिस्त हाही शिक्षणाचाच भाग होय.

या अज्ञानाची किंमत आपण शेतात मोजली आहे. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने पेरावयाची, म्हणजे तेथे साध्या अळ्या जगतात आणि विष पचविणाऱ्या अळ्यांचीच पैदास माजत नाही. हे मर्म न कळल्याने अनेकांनी ती पुडी फेकून दिली. इतर कारणेही होतीच. पण २०१७ साली पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाचीच बोंडे पोखरली.

विद्यार्थी मित्रहो, बियाणे विकत मिळते, समज विकत मिळत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी महाविद्यालयात जीवशास्त्र घेईल, तर त्याने गुणांपुरते पाठांतर करून थांबू नये. प्रयोग करावयास मिळावा, असा आग्रह धरावा. आणि सुटीत गावी आल्यावर शेताच्या बांधावर बसून, जे हातांनी केले ते वडिलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावे.