जकातीचा हिशेब आणि घराचा हिशेब

भांडगावच्या हमरस्त्यालगतच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीच्या रोजेदाराला इफ्तारची वेळ मशीनपाशीच गाठते. तो खिशातला खजूर काढतो, बाटलीतल्या पाण्याने रोजा सोडतो आणि तेवढी दहा मिनिटे शेजारचा सोबती त्याची मशीन सांभाळतो. तो सोबती यवतचा असतो, केडगावचा असतो, कधी थेट बिहारहून आलेला असतो. दहा मिनिटांची सोय माणुसकीने होते. पण पाय मोडून तीन महिने घरी बसावे लागले, ठेका संपला, घरात बाळंतपण आले किंवा कमावता माणूसच गेला, तर घर कोण सांभाळणार?

२०२० च्या रमजानने हा प्रश्न दारात आणून उभा केला होता. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि बरोबर महिन्याने, २५ एप्रिलला, पहिला रोजा आला. मशिदी बंद, कारखाने बंद आणि पुणे-सोलापूर रस्त्याने बोचकी घेऊन चालणारी माणसे. त्याच काळात पीएफ खात्यातून तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम काढायची मुभा मिळाली. ज्यांचा यूएएन क्रमांक आधार आणि बँक खात्याशी जोडलेला होता, त्यांना घरबसल्या अर्ज करता आला. ज्यांच्या नोंदी जुळत नव्हत्या, ते अडकले. आधारवर ‘मोहम्मद’ आणि पीएफमध्ये नुसते ‘मो.’, एकीकडे काशिनाथ, दुसरीकडे काशीनाथ. पैसा स्वतःच्याच घामाचा, पण एका वेलांटीने अडलेला. संगणकाला ना शेख कळतो, ना शिंदे.

यातून एक साधी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. संकटातले संरक्षण संकट आल्यावर मिळवता येत नाही. ते हाताला काम असताना, पगार चालू असतानाच पक्के करून ठेवावे लागते.

रमजानमध्ये अनेक मुस्लिम घरांत वर्षाचा हिशेब मांडला जातो. सोने किती, रोकड किती, देणे किती, हे पाहून निसाबपेक्षा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा, जास्त शिल्लक असेल तर अडीच टक्के जकात काढतात. व्यापारी दिवाळीला वहीपूजन करतो, त्यातही वर्षातून एकदा वही उघडायचीच शिस्त आहे. कुरआनातली हजरत यूसुफ यांची कथा तर सर्वांना सांगावी अशी. सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवले, म्हणून दुष्काळाची सात वर्षे निभावली. अल्लाहवर भरवसा आणि कोठारात धान्य, यांत त्या कथेला विरोध दिसत नाही.

‘बारा-पंधरा हजारांत राखायचे काय?’ असे कामगार विचारतो, आणि ते खोटे नाही. खोलीचे भाडे, गावी पाठवायचे पैसे, शाळेची फी यांतून कोठार भरत नाही. पण बरेचसे संरक्षण त्याच्या पगारातून आधीच कापले जाते. फक्त त्याची पावती त्याने पाहिलेली नसते. ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात १६ हजार पगार असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये जातात आणि मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे ५२० रुपये पडतात. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. हप्त्यांचे आवश्यक दिवस भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, बाळंतपणात २६ आठवड्यांची पगारी रजा, कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत ९० टक्के वेतन, असा तो हक्क आहे. हे ठाऊक नसल्याने लोक आजारी पडल्यावर आधी दागिना मोडतात, मग सावकाराचे दार ठोठावतात.

पीएफचेही तेच. ठेकेदार बदलला की जुना पीएफ काढून घ्यायचा, अशी रीतच पडली आहे. पण पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी जुळावी लागते. दर दोन वर्षांनी पेन्शनचा पैसाही काढून घेणारा माणूस वीस वर्षे राबूनही पेन्शनपासून दूर राहतो. तोच यूएएन पुढे चालवून खाते वळते करून घेतले तर वर्षे जोडली जातात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफच्याच विमा योजनेतून वारसाला कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. मात्र नॉमिनी म्हणून लग्नाआधीचेच नाव राहिले असेल, तर दुःखात भर म्हणून कचेरीच्या खेपा.

गुऱ्हाळावर राबणारे, ऊसतोड करणारे, टपरीवाले, रिक्षावाले यांना यातले काहीच नाही. त्यांच्यासाठी ई-श्रम नोंदणी आहे. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे. त्याचा हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो, फक्त खात्यात तेवढे पैसे लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण शिधापत्रिकेवर नव्या सुनेचे आणि तान्ह्या बाळाचे नाव चढलेले हवे.

सगळा भार कामगारावर टाकून मात्र चालणार नाही. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. पगारातून हप्ता कापून तो न भरणे म्हणजे मजुरी बुडवणेच आहे, तेही विश्वासाने सोपवलेल्या अमानतीतून. ठेकेदाराने भरणा केला नाही तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, हे कायद्यात जुनेच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र आणि चाळिशीपुढच्यांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी देण्याचे बंधन घातले आहे. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांपासून भांडगावच्या शेडपर्यंत किती जणांच्या हाती ते पत्र पडले, हे ग्रामपंचायतींनी आणि कामगार संघटनांनी विचारायला हवे.

आणि जकात देणाऱ्यांनीही. जकात ज्या आठ कारणांसाठी देता येते, त्यांत कर्जाने दबलेला माणूसही आहे. वीस घरांत शंभर-शंभरच्या नोटा वाटल्याने इफ्तार होते, घर उभे राहत नाही. एखादे कुटुंब सावकाराच्या व्याजातून पुरते मोकळे केले, तर पुढच्या वर्षी ते हात पसरणार नाही. कदाचित देणाऱ्यांत असेल.

इफ्तारनंतर ज्याच्या मोबाईलवर पीएफचे पासबुक उघडते, त्याने शेजाऱ्याचेही उघडून द्यावे. नाव बरोबर आहे का, हप्ता जमा होतो का, नॉमिनी कोण, एवढेच बघायचे. मशीन दहा मिनिटे सांभाळणाऱ्या सोबत्याची ही परतफेड खजुरापेक्षा जास्त दिवस पुरेल.