फाइव्ह-जीची जाहिरात पुरे, वाड्यावरची रेंज दाखवा

मागच्या पावसात एका रात्री आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. काकांची गाडी पलीकडच्या वाड्यावर. घरात एक दांडी नाही, म्हणून मी छत्री घेऊन सड्यावर धावले. तिथे फोन लागला, आजोबा वाचले. पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही.

नंतर कंपनीच्या वेबसाइटवर नकाशा बघितला. आमचा वाडा फोर-जीच्या रंगात रंगवलेला!

मित्रांनो, हे नकाशे कंपन्या हौसेने टाकत नाहीत. ट्रायने २०२४ च्या नियमांत ते सक्तीचे केलेत. नियम चांगला आहे. पण नकाशा काढणार कंपनीच, आणि तो चुकीचा आहे हे सांगायला कोणी पुढे आलं नाही तर तोच खरा ठरणार.

त्याच नियमांत भरपाईही आहे. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर ग्राहकाला सूट किंवा वाढीव मुदत. जिल्हा पातळीवर! म्हणजे आमचा वाडा वर्षभर बंद असला तरी हिशेबात उत्तर गोवा चालूच. मोजमाप एवढं मोठं ठेवलं की लहान माणूस त्यातून गळतोच.

‘सीमाभाग आहे, अडचण येते’ हे उत्तरही आता नको. १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रापासून वेगळा राहिला, पण टेलिकॉमच्या नकाशावर दोघे आजही एकाच सर्कलमध्ये आहेत. डिचोली आणि दोडामार्ग यांच्यामध्ये कंपनीसाठी सीमा नाहीच. मग अडचण कसली? गिऱ्हाईक कमी, एवढीच.

आणि फाइव्ह-जीच्या नावाला भुलू नका. ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी डेटा भरपूर नेतात, पण लांब जात नाहीत. डोंगर, कुळागरं, जाड भिंती आल्या की दमतात. ७०० किंवा ९०० च्या लहरी लांब पोचतात. म्हणून ‘कितवा जी?’ हा प्रश्नच चुकीचा. ‘कुठला बँड, टॉवर किती लांब?’ हे विचारा.

आता थोडं आपल्याबद्दल. रेंज पाहिजे म्हणून ओरडायचं आणि ग्रामसभेत टॉवर आला की विरोध करायचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. भीती असेल तर मोजणी मागा. तो हक्क आहे. पण मोजणीआधीच ‘नको’ म्हणू नका.

करायचं काय? फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. उणे ८५ च्या आसपास चांगला, उणे ११० च्या खाली गेला की हाल. घरात, अंगणात, शाळेपाशी आकडा बघा, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा. वाड्यावाड्याचे आकडे एकत्र करून ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो कंपनीच्या नकाशासकट ट्रायला पाठवा.

त्यांचा नकाशा त्यांनी काढलाय. आपला आपणच काढायचा.